चिकट राख्या

शनिवारी सकाळी आईने मला हलवून उठवलं. चहा झाला म्हणून नाही, तर "तुझं ते इंजिनियरिंग जरा इकडे वापर" म्हणून. चार वर्षं इंजिनियरिंग आणि सहा वर्षं नोकरी झाली, तरी घरात माझ्या पदवीचा उपयोग आजवर गिझर आणि वायफाय यापलीकडे गेला नव्हता. त्यामुळे डोळे चोळत पण जरा ऐटीतच टेबलापाशी गेलो.

टेबलावर चाळीस राख्या. म्हणजे राख्यांच्या मधल्या त्या गोल चकत्या. आई निवृत्त झाल्यापासून रेझिनच्या वस्तू करते. आधी किचेन, मग कानातले, आणि यंदा राख्या. मुलुंडच्या एका बाईंचं पाळणाघर आहे, त्यांनी तिथल्या पोरांसाठी चाळीस सांगितल्या होत्या. आईची पहिली मोठी ऑर्डर. कुणात गुलाबाच्या पाकळ्या (एमटीएनएलच्या जुन्या डिरेक्टरीत दाबून वाळवलेल्या, त्या डिरेक्टरीचा शेवटी काहीतरी उपयोग झाला), कुणात चमकी, आणि अकरा पांढऱ्याशुभ्र. समोरून काचेसारख्या. उलट्या करून बोट लावलं तर बोट चिकटलं. एका चकतीला तर कबुतराचं पीस चिकटलेलं. विजेवर भरवसा नाही म्हणून आईने ट्रे खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला होता. घाटकोपरला, जुलै महिन्यात, समोरच्या बिल्डिंगपासून पंधरा फुटांवर. ऊन कसलं येतंय तिथे!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेझिन साधारण दोन जातींचं मिळतं. एकात दोन बाटल्या असतात, त्या मापाने मिसळायच्या आणि दिवसभर वाट बघायची. दुसरं हे यूव्हीचं, त्याची एकच बाटली. यात थोडंसं एक रसायन असतं जे ठराविक प्रकाश पडला की फुटतं, आणि त्याचे तुकडे बाकीच्या रेणूंना एकमेकांत गुंफत जातात. दिवा लावला की एकदोन मिनिटांत पातळ मधाचा दगड. दाताचे डॉक्टर निळा दिवा धरून फिलिंग कडक करतात ते हेच. आणि तेसुद्धा खड्डा एकदम भरत नाहीत, दोनेक मिलिमीटरचे थर देत जातात. हे मला तेव्हा आठवलं असतं तर एक शनिवार वाचला असता.

आईचं निदान: पावसाळी हवा. माझं निदान: बाटली खराब. (दमटपणाचा जास्त त्रास दोन बाटल्यावाल्या रेझिनला होतो, हे मी आईला ऐकवलं. ऐकवायला फार आवडतं मला.) मग मी काय केलं? अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊन नवी बाटली आणली, दिव्याची वेळ दुप्पट केली आणि जाताजाता चार्जरही बदलला. सगळं एकदम. रविवारी राख्या बऱ्यापैकी सुधारल्या, पण कशामुळे ते सांगता येईना. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला बाजूला घेऊन अर्धा तास प्रवचन दिलं असतं.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चकतीच्या बाजूला मार्करने नंबर टाकायचा, वहीत लिहायचं.

पहिला चोर चार्जर निघाला. दिव्याच्या खोक्यावर ठसठशीत 54 वॅट लिहिलेलं. तो दिवा चालतो यूएसबीवर, आणि आईने लावलेला कुठल्यातरी जुन्या मोबाईलचा चार्जर 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा. गुणाकार करा: 5 वॅट. म्हणजे आत शिरतेच 5 वॅट वीज, बाहेर 54 वॅटचा उजेड कुठून पडणार? जुनी बाटली अगदी ठणठणीत होती. नव्या बाटलीचे पैसे पाण्यात.

दुसरा चोर हवा. दमट-कोरडी नव्हे, नुसती हवा. तिच्यातला ऑक्सिजन त्या गुंफणीच्या मध्ये येतो आणि पृष्ठभागावरची साखळी अर्धवट सोडतो. साच्याला टेकलेली बाजू म्हणून गुळगुळीत, आणि वरची उघडी बाजू चिकट. राखीत ही उघडी बाजू मागे जाते, म्हणजे बरोबर मनगटावर. उपाय स्वस्त होता. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ओएचपीची पारदर्शक शीट आणली, तिचे तुकडे शेवटच्या थरावर बुडबुडे न राहू देता दाबून ठेवले आणि मग दिवा लावला. शीट सोलली की मागची बाजूही समोरच्यासारखी. त्यानंतर साच्यातून काढून मागून पुन्हा एकदा दिव्याखाली.

तिसरा चोर पांढरा रंग, आणि तो माझ्या हाती लागला नाही. पांढऱ्या रंगात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. आपल्याला हवा असलेला प्रकाश ते वरच्यावर शोषून घेतं किंवा परतवून लावतं. वरचा पापुद्रा कडक होतो आणि खालच्याचा उजेड अडवतो. मी एक पांढरी चकती ब्लेडने कापली. ("एवढी चांगली राखी तोडतोस!" इति आई.) वर साय, खाली दूध. बाकीच्या चकत्या पारदर्शक होत्या, त्या दुरुस्त झाल्या, पण या अकरा चार मिलिमीटर जाड. आता बाहेरून कितीही उजेड मारा, आत पोचणार नाही.

कुरियरला तीन दिवस होते. मी म्हटलं, "बाहेरून कडक आहेत ना, वरून एक पारदर्शक हात मारू. कुणाला कळणार आहे?" आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात. यादीत लिहायचं आणि रिलीज करायचं.

आई काही बोलली नाही. कापलेली चकती उचलायला तिने हात पुढे केला तेव्हा मला तिची बोटं दिसली. टोकं लाल, साल निघालेली. विचारलं तर म्हणे, भांड्यांच्या साबणाने होतंय, महिना झाला. महिना! मी रोज रात्री समोर बसून जेवतो तिच्या.

संध्याकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. न गुंफलेलं रेझिन कातडीला लागत राहिलं की शरीर कधीकधी त्याला कायमचं शत्रू मानतं. मग पुढे नखांच्या जेलपासून दातांच्या फिलिंगपर्यंत कुठेही याच कुळातलं रसायन भेटलं तरी त्रास होऊ शकतो. आईचं तसं झालंय की नाही हे पॅच टेस्टनंतर कळेल. तोवर हात लावणं बंद. मी विचारलं, ग्लोव्ह्ज घातले तर? नायट्राइलचे घाला, म्हणाले, पण त्यांतूनही हे थोड्या वेळाने झिरपतं. रेझिन लागलं की लगेच बदलायचे. आणि लॅटेक्सच्या भरवशावर तर राहूच नका.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "दोन-तीन वर्षांची पोरं. राखी तोंडात घालतात रे ती."

घरी आल्यावर तिने मुलुंडला फोन लावला. अकरा पांढऱ्या होणार नाहीत, का होणार नाहीत तेही स्पष्ट सांगितलं. मी असतो तर 'तांत्रिक अडचण' म्हणालो असतो. बाईंनी निळ्या चालतील म्हणून सांगितलं. अकरा चकत्या फोडून, आतला चिकट भाग दिव्याखाली पुरता कडक करून मगच कचऱ्यात टाकल्या. मोरीत ओतायचं नाही, हेही त्या दिवशीच कळलं.

निळ्या मी ओतल्या. पारदर्शक शाई, दीड मिलिमीटरचा थर, दिवा, पुन्हा थर, मग शीट. प्रत्येक खेपेतली एक फोडून बघायची, म्हणून अकरासाठी चौदा कराव्या लागल्या. रात्रीचा दीड वाजला. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून मागे खुर्चीत बसली होती.

"थर जाड झाला रे. काढ तो."