आधी गादी पाहा

अंगावर रांगेत तीन गांध्या उठल्या की घरात पहिला संशय डासांवर. खिडक्यांना जाळ्या बसतात, कॉइल जळते, आणि तोवर ढेकणांना महिनाभर मोकळं रान मिळतं. कातडी पाहून ढेकूण ओळखता येत नाहीत. एकाच गादीवरच्या दोघांपैकी एक रात्रभर खाजवत बसतो, दुसऱ्याच्या अंगावर डागही नसतो. काहींना तर गांधी उठायलाच कित्येक दिवस लागतात.

•

म्हणून गादी. डोक्याकडची बाजू आधी. शिवण, गोट, टाके. मग कॉटच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, लोखंडी कॉटच्या नळीचं उघडं तोंड. टॉर्च तिरका धरावा आणि जुनं एटीएम कार्ड फटीतून ओढावं.

काळे, कापडात मुरलेले ठिपके दिसले तर ओल्या कापसाने पुसून बघा. तांबूस-तपकिरी पसरले तर ते पचलेलं रक्त, म्हणजे ढेकणांचीच विष्ठा.

•

पूर्ण वाढलेला ढेकूण जवसाच्या दाण्याएवढा, तसाच चपटा. नीट पाहिलं तर दिसतो. नजरेतून सुटतात ती पिल्लं आणि 1 मिमीची पांढरी अंडी. अंडी लाकडाला चिकटलेली असतात, झटकून पडत नाहीत.

पिल्लू पाच वेळा कात टाकतं, दर वेळी आधी रक्त पिऊन. शिवणीत लहानमोठ्या मापांच्या पिवळसर, रिकाम्या काती सापडल्या तर वस्ती जुनी. एखादीच सापडली तर अजून वेळ आहे.

•

वासाची वाट पाहू नका. खोलीत शिरताच तो उग्र वास येतो तेव्हा ढेकूण फार झालेले असतात.

•

ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. त्यांना फक्त रक्त लागतं. ते येतात वसतिगृहातून परतलेल्या वळकटीतून, जुन्या बाजारातल्या सोफ्यातून. तरी लोक लपवतात. चाळीत ही लाज सगळ्यांनाच भोवते, कारण भिंतीतल्या फटी आणि वायरींच्या वाटा सामाईक असतात. शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

•

डीडीटीला न जुमानणारे ढेकूण 1947 मध्येच पर्ल हार्बरला आढळले होते. आजच्या अनेक फवाऱ्यांनाही ते दाद देत नाहीत, नुसते विखुरतात. उष्णतेपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही: अभ्रे, चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुवा. रॉकेल अजिबात नको, आग लागते.

अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात. तेव्हा पंधरवड्याने तीच शिवण पुन्हा तपासा.