लिंबू-मिरची की हवेचे बुडबुडे?
आमची जुनी पिकअप उमरी-भोकर रस्त्यावर दर खेपेला बंद पडायची. हातपंप मारला की सुरू, थोड्या वेळाने पुन्हा तेच. डिझेल फिल्टर दोनदा बदलला. मेकॅनिक म्हणाला, पंप उतरवा. १३ एप्रिलच्या रात्री जयंतीच्या खुर्च्या-पुस्तकांसह अडकलो, तर आमच्याच एका कार्यकर्त्याने पुढे लिंबू-मिरची बांधली! बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस! भांडण झालं, ती आम्ही तोडून फेकली.

नंतर टाकीपासूनची नळी तपासली. ही नळी डिझेल ओढून घेते. म्हणून बारीक चिरली तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही, आत हवा मात्र शिरते. पारदर्शक नळी जोडली आणि बुडबुडे दिसले. नवी नळी, दोन क्लिपा, काम झालं. पंपाला हातही लावला नाही.

तो कार्यकर्ता मात्र अजून आमच्याशी धड बोलत नाही.