गारगोटीचं गरम पाणी

वीकएण्डला कोल्हापूर म्हटलं की आपला प्लॅन ठरलेला असतो. अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा, जमलंच तर चपला आणि रविवारी रात्रीची स्लीपर कोच. या जानेवारीत मी मात्र एसटी बदलून आणखी दक्षिणेला गेले. बिद्रीचा साखर कारखाना आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग मागे पडली, मुदाळतिट्ट्यावर निम्मी गाडी उतरली, आणि मग वेदगंगेच्या काठानं गारगोटी.

तालुका भुदरगड, पण त्याचं मुख्य ठिकाण गारगोटी. भुदरगड हे नाव किल्ल्याचं. गाव टिपिकल तालुक्याचं आहे, म्हणजे स्टँड, कचेरी, मोबाईलची दुकानं आणि भडंग. पण हे गाव शिकलेलं आहे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे डॉ. जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांच्याच पुढाकारानं १९५२ च्या सुमारास इथं श्री मौनी विद्यापीठ उभं राहिलं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. याच विद्यापीठाच्या पॉलिटेक्निकचं नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनीअरिंग’ आहे. ‘रूरल इंजिनीअरिंग’ हा शब्द मला फार आवडला. आणि तो काय असतो, हे मला गारगोटीतल्या एका गच्चीवर कळलं.

मी उतरले होते कॉलेजच्या रूममेटच्या मामांकडे. मामा रिटायर्ड फौजी, मामी फुल टू कोल्हापुरी. घरात वाद पेटलेला होता. मुलगा नोकरीला पुण्यात. त्याला घरी सोलर बसवायचा होता आणि परड्यातला तांब्याचा बंब मोडीत घालून त्यातून थोडे पैसे उभे करायचे होते. बंब माहीत नसेल तर सांगते. तांब्याचं उभं पिंप, मधोमध धुराची नळी, खाली शेगडी. नळीत वरून लाकूड, शेणी, करवंट्या टाकायच्या, वरून गार पाणी ओतायचं आणि तोटीतून उकळतं घ्यायचं. चिंचेनं घासल्यावर तो असा काही चमकतो की इंटिरिअर डिझायनर लोक त्यात मनीप्लांट लावतात. मामी मात्र रोज पहाटे पाचला उठून तो पेटवतात. तीस वर्षं. धूर त्यांच्याच डोळ्यात जातो, तरी त्या म्हणाल्या, “त्याला मोडीत घालायचं नाव काढू नका. जूनात तुमचं सोलर छत्री घेऊन बसंल, तवा पाणी कोण देणार?”

मुद्दा चूक नव्हता. पाटगावच्या बाजूला पाऊस कसा पडतो हे पावसाळ्यात भुदरगडला ट्रेकला गेलेल्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. तिशीतला, डिप्लोमा केलेला, कानात ब्लूटूथ. मुलानं पुण्याहून व्हॉट्सॲपवर नळ्यांच्या सोलरचं ब्रोशर पाठवलेलं होतं. फिटरनं ते बघितलंही नाही. त्याचा पहिला प्रश्न, “मामा, पाणी नदीचं की बोअरचं?”

मग गच्चीवर त्यानं मला अर्धा तास जे सांगितलं, ते मला सेल्समननं कधी सांगितलं नव्हतं. सोलर मुख्यतः दोन जातीचे. पहिला सपाट पॅनेलचा. काचेखाली पेटी, पेटीत काळा लेप दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. दुसरा काचेच्या नळ्यांचा. प्रत्येक नळी दुहेरी काचेची, दोन काचांच्या मधली हवा काढून टाकलेली, अगदी थर्मासासारखी. आत आलेली उष्णता बाहेर पळत नाही, म्हणून थंडीत आणि ढगाळ हवेत ही नळी सरस. किमतीलाही स्वस्त. म्हणून सगळीकडे तीच खपते.

दोन्हींत पंप नसतो, याचं मला खरंच नवल वाटलं. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली येतं, आणि ऊन असेपर्यंत ही फेरी चालू राहते. टाकीला जाड इन्सुलेशन असतं, म्हणून काल दुपारचं ऊन आज पहाटे सहाला अंगावर घेता येतं. ही वेगळी, झाकलेली टाकी कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं १९०९ मध्ये बाजारात आणली आणि मालाचं नाव ठेवलं ‘डे अँड नाइट’. मार्केटिंगवाल्यांनो, याला म्हणतात ब्रँड नेम.

पण बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तापलं की ते खाली बसतात. चहाच्या पातेल्याला पांढरी पुटं चढतात ना, तसंच. सपाट पॅनेलच्या बारीक नळ्या अशा पाण्यानं दोन-चार वर्षांत चोंदतात. काचेची नळी रुंद असते, तिला ते जरा चालतं आणि ती साफही करता येते. मग नळ्यांचाच घ्यावा? तर फिटरनं समोरच्या झाडाकडे बोट केलं. वानरं. एक नळी फुटली की टाकीतलं पाणी तिथूनच वाहून जातं आणि मधल्या आळीत बोंबाबोंब. शिवाय घरात प्रेशर पंप असेल तर साध्या नळ्यांच्या सिस्टिमला तो दाब झेपत नाही.

यावर उपाय तिसरा. पॅनेल सपाटच, पण त्यात घरचं पाणी फिरवायचंच नाही. पॅनेलमध्ये वेगळं स्वच्छ पाणी बंद फेरीत फिरतं आणि टाकीतल्या घरच्या पाण्याला बाहेरूनच ऊब देतं. म्हणजे हीट एक्स्चेंजर. थोडं महाग, उष्णता थोडी कमी, पण बारीक नळ्या वाचतात.

इथं मामांनी तोंड उघडलं. लेहला पोस्टिंग असताना त्यांनी अशी फेरी बघितली होती. तिथं पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून न गोठणारं द्रव फिरवतात. तिकडे तर घरंच सोलर असतात. दक्षिणेकडे काच, काचेमागे काळी जाड भिंत. दिवसभर ऊन पिते आणि रात्री खोलीत सोडते. फे गावाजवळच्या सेकमोल शाळेचा कॅम्पस कडाक्याच्या थंडीतही असाच उबदार राहतो. आपल्याकडे घर तापवायचा प्रश्न येत नाही. एप्रिलमध्ये उलटं काही निघालं तर सांगा!

गणित मी गच्चीवरच मोबाईलवर केलं. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला साधारण साडेचार युनिट वीज लागते. तेवढं काम दोन चौरस मीटर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी फुकटात करतं. मुलाचं फोनवरून म्हणणं, मग विजेचेच पॅनेल लावू, त्यावर गीझर चालवू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यांना ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. पण विजेचं पॅनेल उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा पकडतं, पाण्याचं पॅनेल निम्म्याच्या आसपास. मला हे धोरणच उलटं वाटतं. जे काम ऊन थेट करतं, त्यासाठी आधी वीज करा, मग तिचं पुन्हा ऊन करा! इस्रायलनं १९८० मध्येच नव्या घरांवर पाण्याचा सोलर सक्तीचा केला. आपल्याकडे शिर्डीच्या साई संस्थानात २००९ पासून ७३ तबकड्यांनी उन्हाची वाफ करून प्रसादालयाचा स्वयंपाक होऊ लागला.

आणि तुमच्या सोसायटीचं काय? गच्चीवर सोलर असतो, पण तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. दोष सोलरचा नाही. पाइपला इन्सुलेशन नाही किंवा पाणी वर परत नेणारी लाइन नाही. पुणे महापालिका चालू सोलरसाठी मिळकतकरात सवलत देते. पुढच्या मीटिंगला चहा-बिस्किटांआधी हा विषय काढा.

गारगोटीत शेवटी ठरलं ते असं. दोनशे लिटर, सपाट पॅनेल, हीट एक्स्चेंजरसह, तोंड दक्षिणेला. टाकीतली विजेची कॉइल मामांनी नको म्हटली, कारण पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. बंब परड्यात तिथंच राहिला. आता तो जून ते सप्टेंबर पेटणार, आणि पहाटे कोण पेटवणार यावर मामींनी अट घातली. मामा फौजी आहेत, पाचला उठायची सवय आहे. मामा म्हणाले, “बघू.” फिटर तोवर खाली उतरून पुढच्या गिऱ्हाइकाला फोन लावत होता.