शनी टळला, गुरू आला

रेल्वेच्या रुळांनी वांद्र्याचे दोन भाग केले आहेत. पूर्वेला 'साहित्य सहवास' ही लेखकांची वसाहत, पश्चिमेला 'गॅलॅक्सी' हे थिएटर. म्हणजे अलीकडे साहित्य, पलीकडे आकाशगंगा आणि मध्ये स्टेशनचा पूल. मी पूर्वेलाच राहतो. साहित्याच्या सहवासात नव्हे, नुसता शेजारात. पण तेवढ्या वाऱ्यानेही, गोवर व्हावा तशी मला कादंबरी झाली.

कादंबरी अस्सल सामाजिक. कोकणातले करारी अप्पा आणि त्यांच्यापुढे तोंड न उघडणारा मुलगा. सतराव्या प्रकरणात अप्पा जातात आणि मुलाचं बोलायचं राहूनच जातं.

अशा या गंभीर लेखकाने 1994 साली चिरंजीवांच्या हट्टापायी पूल ओलांडला आणि हिंदीतला 'जुरासिक पार्क' पाहिला. त्यात डायनोसॉर तेवढे स्वतःच्या भाषेत बोलत होते.

"सिनेमावाले साहित्याची वाट लावतात!" मी घरी येऊन ठणकावलं. पुढे कळलं, की ते कधीकधी वाट नुसती बदलतात.

आर्थर क्लार्कचंच पाहा ना. '2001' हा सिनेमा आणि त्याची कादंबरी ही 1968 सालची जुळी भावंडं. कादंबरीतलं यान शनीकडे जातं. पण सिनेमावाल्यांना शनीची कडी काही मनासारखी जमेनात. त्यांनी गुरूवरच भागवलं. 1982 साली क्लार्कने पुढची कादंबरी लिहिली, तेव्हा स्वतःचा शनी सोडून सिनेमाचा गुरू पत्करला! आपण शनी टळावा म्हणून मारुतीला तेल वाहतो. क्लार्कला कुब्रिक पावला.

'जुरासिक पार्क'ची तर त्याहून कमाल. मायकेल क्रायटनने 1990च्या कादंबरीत मॅल्कम नावाच्या गणितज्ञाला मारलं होतं. 1993च्या सिनेमात तो जगला. झालं! 1995च्या पुढच्या कादंबरीत हा मेलेला मॅल्कम पुन्हा हजर.

हे सगळं मी एकदा जेवताना रंगवून सांगत होतो. सौ. भात वाढता वाढता थांबली.

"अहो, मग तुम्ही मामंजींना का मारलंत?"

"कादंबरीत अप्पा आहेत. मामंजी नव्हेत."

"मला सांगताय?"

मी मुकाट्याने ताक मागितलं.

रात्री सतरावं प्रकरण पुन्हा काढलं. आता त्यात अप्पा पलंगावर उठून बसतात आणि चहात साखर कमी म्हणून मुलाला झापतात. मुलगा जन्मात पहिल्यांदा उलट बोलतो. अप्पा चक्क हसतात. मग दोघं पहाटेपर्यंत बोलत बसतात.

एका संपादकांनी हस्तलिखित साभार परत केलं. सोबत चिठ्ठी होती : 'सतरावं प्रकरण वास्तवाला धरून नाही.'

अगदी खरं आहे. म्हणूनच मी ते तसंच ठेवलं आहे.