शून्य कार्य

एम. ए. मराठीच्या वर्गात माझ्याविषयी एक कुतूहल आहे. सकाळी माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी ही बाई दुपारी आपल्या बाकावर येऊन ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा अर्थ का लावत बसते, असा प्रश्न माझ्या मैत्रिणींना पडतो. प्राध्यापकांनीही एकदोनदा विचारले. दर वेळी मी हसून वेळ मारून नेली. आता वार्षिकाच्या संपादकांनी लेखच मागितला आहे, तेव्हा उत्तर देणे प्राप्त आहे.

आमची शाळा सांगलीतली, आणि चांगलीच मोठी. दोन सत्रांत भरते. एकट्या नववीच्या 'अ' ते 'ग' अशा सात तुकड्या, आणि दर तुकडीत साठ-पासष्ट मुले. त्यांतल्या चार तुकड्या माझ्याकडे. म्हणजे टाचण एक आणि प्रयोग चार, अगदी नाटक कंपनीसारखे! 'ब' तुकडीत हशा घेणारे वाक्य 'फ' मध्ये पडते. अडीचशे नावे पाठ व्हायला दिवाळी उजाडते. प्रयोगशाळा एकच, त्यामुळे पासष्ट मुलांना भिंगातून मेणबत्तीची प्रतिमा दाखवायची, तर देवदर्शनासारखी रांग लावावी लागते.

परंतु एवढ्या मोठ्या शाळेतही माझी खरी अडचण गर्दीची नाही, गणिताचीही नाही. ती आहे शब्दांची. रसायनातले शब्द मुलांना अनोळखी असतात. ती ते पाठ करतात आणि सुटतात. आमचे शब्द मात्र त्यांच्या ओळखीचे. बल, दाब, शक्ती, ऊर्जा, कार्य. ते मुले घरूनच घेऊन येतात. 'कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती' असे मी फळ्यावर लिहिते, तेव्हा सांगलीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे तालमीतला पैलवान उभा असतो. त्याला हलवून तिथे व्याख्या बसवणे सोपे नाही.

२०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात दुसरा धडा 'कार्य आणि ऊर्जा' हा होता. बल लावून वस्तूचे बलाच्या दिशेने विस्थापन झाले, तरच कार्य झाले. यासाठी आम्हा शिक्षकांचे एक पिढीजात उदाहरण आहे: डोक्यावर ओझे घेऊन उभा असलेला हमाल. विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. तो सपाट रस्त्याने एकाच वेगाने चालत गेला तरी ओझे पेलणारे बल वरच्या दिशेला आणि विस्थापन आडवे. म्हणून त्या बलाने केलेले कार्य पुन्हा शून्यच.

'फ' तुकडीत हे सांगून झाले आणि मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "बाई, माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. मग ते काहीच करत नाहीत का?"

एरवी अशा प्रश्नाला वर्ग हसतो. त्या दिवशी कोणी हसले नाही.

मी त्याला शरीराचे शास्त्र सांगितले. खुंटीला पोते टांगले तर खुंटी दमत नाही. माणसाच्या स्नायूंतले तंतू मात्र ओझे नुसते पेलतानाही सारखे ताणाखाली असतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून उभ्या हमालाला घाम येतो. मग म्हटले, चला, उचलण्याचा तरी हिशेब करू. ५० किलोचे पोते दीड मीटर उचलले, तर ५० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे ७३५ ज्यूल. दिवसाची ३०० पोती धरली, तर २,२०,५०० ज्यूल. सुमारे ५३ किलोकॅलरी. आणि ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत असतात सुमारे १७०. दिवसभराची ३०० पोती भाकरीच्या एका तिसऱ्या हिश्श्यात बसली!

"ते तर चार भाकरी खातात, तरी रात्री पाय चेपून मागतात," मुलगा म्हणाला.

उत्तर होते. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा बाहेरच्या कार्यात उतरतो. दर वाकण्या-उठण्यात स्वतःचे शरीरही उचलावे लागते. शिवाय पोते घेऊन केलेली सगळी चाल आमच्या हिशेबात शून्य, आणि शरीराच्या हिशेबात नाही. वर्गाला ते पटले. माझे समाधान मात्र झाले नाही. शास्त्र बरोबर होते. बोचत होता तो शब्द.

त्या शब्दाचे मूळ शोधले. १८२९ साली कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने यंत्रांवरच्या आपल्या पुस्तकात बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला 'त्राव्हाय' हे नाव दिले. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा रोजचा अर्थ काम, मेहनत. त्याला यंत्रांचा हिशेब मांडायचा होता, आणि त्यासाठी ही राशी अत्यंत योग्य होती. म्हणजे माणसाच्या मेहनतीचा शब्द यंत्रासाठी उसना घेतला गेला, आणि आम्ही शिक्षक यंत्राचा अर्थ लावून तो पुन्हा माणसाकडे घेऊन गेलो.

पुढे पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. खाडा करून आले असावेत. जाता जाता म्हणाले, "बाई, पोरगं म्हणतंय, पुस्तकात आमचं काम शून्य हाय." मी समजावू लागले, तर त्यांनीच थांबवले. "खरं हाय की ते. आमचा हिशेब बी तसाच. पोत्यामागं पैसं. गाडी येईस्तोवर थांबलो, पोतं घेऊन हुबं ऱ्हायलो, त्येचं कोण देतंय?"

कोरिओलिसची व्याख्या त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होती. त्या व्याख्येवर त्यांची मजुरी चालत होती. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करावा लागला, तो का, हे मला त्या दिवशी नीट उमगले. भविष्यनिर्वाह निधी, उपदान या गोष्टी पोत्यांच्या मोजणीत येत नाहीत. त्या वेगळ्या लिहाव्या लागतात.

तेव्हापासून हा धडा मी चारही तुकड्यांत एका वाक्याने सुरू करते: "आजचा 'कार्य' हा शब्द घरातला नाही, प्रयोगशाळेतला आहे." हमालाचे उदाहरण मी काढून टाकलेले नाही. उलट त्याच्या शेजारी भाकरीचा हिशेबही मांडते.

सहामाहीत तोच प्रश्न आला, एका गुणाचा. त्या मुलाने उत्तर लिहिले होते: 'कार्य शून्य ज्यूल (भौतिकशास्त्रातले).' कंसातल्या शब्दाला गुण देण्याची सोय नसते. मी त्याला एकापैकी एक दिला. पण असा कंस नेमका कुठे घालायचा, हे शास्त्राच्या पदवीने मला शिकवले नव्हते. ते शिकायला मी दुपारी तुमच्या बाकावर येऊन बसते.