चढणीच्या पाण्याकाठी

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मालवण तालुक्यातील ओहोळांचा रंग एका रात्रीत पालटतो. सह्याद्रीत उगम पावणारी गड नदी कणकवलीवरून मसुऱ्याकडे येते आणि कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिला मिळणाऱ्या एका व्हाळाकाठी माझे एक रुग्ण राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. मासे कोणत्या दिवशी चढले, याची नोंद ते दरवर्षी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत करीत.

पावसाचे गार, वाहते पाणी खाली येऊ लागले की शेंगटीसारखे मासे प्रवाहाविरुद्ध व्हाळांत, भातखाचरांत शिरतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. तेथे पिलांना खाद्य मिळते, मोठ्या माशांचे भय कमी असते. हेच ते ‘चढणीचे मासे’. उत्तर अमेरिकेतील सॅमन असाच समुद्रातून नदीत चढतो. कोलंबिया नदीवरील बॉनविल धरणापाशी १९३८ पासून त्याची मोजणी होते. आजोबांचे मोजमाप साधे: साकवाच्या खांबावरील खुणा, पाण्याचा रंग आणि हाताला लागणारा गारवा. “डॉक्टरांनु, पाणी तांबडा झाला की समजाचा, मासो वाटेर आसा,” असे ते म्हणत. अंड्यांनी भरलेली मादी हाती आली, तर ती परत सोडीत. आज ती खाल्ली तर पुढच्या वर्षी चढणार कोण, हा त्यांचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी पायाला भेग असताना ते खाचरात उतरले. पुढे ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. घरच्यांनी तीन दिवस साधा ताप समजून काढले. तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून, किंवा फार वेळ भिजून मऊ झालेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. सुदैवाने ते बरे झाले. मुलाने मात्र व्हाळावर जाणे कायमचे बंद केले.

पुढच्या जूनमध्ये आजोबा दवाखान्यात आले, ते जेवण तुटल्याची तक्रार घेऊन. तपासण्या ठीक होत्या. दिनदर्शिकेतील रकाना मात्र कोरा राहिला होता.

मी मुलाला म्हटले, “बंदी नको, बंदोबस्त कर.” पाण्यात उतरायचे नाही, साकवावरून पाहायचे. सोबत कोणीतरी हवेच, पायांत गमबूट, जखमेवर जलरोधक पट्टी, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुणे. जोखमीच्या काळात प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही, हे इतर औषधे पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. आणि पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

यंदा मृगात मी मुद्दाम तेथे गेलो. बापलेक साकवावर उभे होते. बापाच्या हातात काठी, मुलाच्या हातात छत्री. तांबड्या पाण्यात एक चंदेरी रेघ उसळली, मग दुसरी. घरी परतल्यावर आजोबांचा हात थरथरत होता, म्हणून तारीख मुलाने लिहिली. शेजारी पाण्याची खूण किती, तेही आजोबांनी त्याला लिहायला लावले.