केकची आगगाडी

वाढदिवसाची भेट म्हटली की तुम्ही दुकान गाठता ना? पण घरच्या केकची गंमतच निराळी! तो करताना आधी विचार करावा लागतो, खाणारं माणूस कोण?

माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून गप्प गप्पच असत. अंडं ते खात नसत, दातही नव्हते. म्हणून मी रव्याचा मऊ केक ठरवला. रवा, दही, साखर, दूध, तूप कालवून अर्धा तास झाकलं. शेवटी खायचा सोडा घातला. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली, की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात. अंड्याशिवाय केक फुगतो तो त्यांच्यामुळेच! आईनं कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं आणि मंद आचेवर पाऊण तास केक भाजला. (गॅसपाशी मोठ्यांना सोबत घ्या हं!)

मग वड्या कापून डबे केले, बिस्किटांची चाकं लावली. शेवटच्या डब्याला मागे लाल टूटीफ्रूटीचा दिवा! तो पाहताच आजोबा हसले. त्या रात्री कंदिलाच्या, सिग्नलच्या गोष्टी संपेचनात.

तुमच्या घरी कोण गप्प असतं? त्यांच्यासाठी कसला केक कराल बरं?